घाटावरची रेषा: पश्चिम घाटाच्या वादाचा आढावा

२०२५ सालच्या मे महिन्यात सह्याद्रीतला उन्हाळा अर्ध्यावरच आटोपला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती. घाटमाथ्यावर आणि कोकणात त्या दिवसांत जी कामे उरकायची असतात ती सगळी अडली. राब भाजायचे राहिले, वाळत घातलेली कोकमे भिजली, घर शाकारायला आणि आगोटीची बेगमी करायला सवड मिळाली नाही. एका वर्षाच्या लहरीवरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि जाणकार तो काढतही नाहीत. मात्र पश्चिम घाटाचे काय करायचे, हा दीड दशक चाललेला वाद ज्या समजुतीवर उभा राहिला ती समजूत आता सैल होऊ लागली आहे. डोंगर, जंगल आणि पाऊस आपापल्या जागी ठाम आहेत, माणसाने तेवढा हात आवरला की झाले, अशी ती समजूत. म्हणून त्या वादाचा हिशेब नव्याने मांडायला हवा.

डोंगर कोणता, माणसे कोणती

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेली ही रांग गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या सहा राज्यांतून जाते. केरळातले २,६९५ मीटरचे अनामुडी हे तिचे सर्वोच्च शिखर. आपले कळसूबाई त्याहून हजारभर मीटरने ठेंगणे, १,६४६ मीटरचे. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या तिन्ही नद्या इथे उगम पावून पूर्वेकडे जातात. महाराष्ट्रातला भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणाचा. त्यावर कुठे जांभ्याचे टोप, कुठे कातळसडे, आणि उतारांवर शतकानुशतके कुजून भुसभुशीत झालेल्या खडकाचा व मातीचा जाड थर. या थराकडे पुढे परत यावे लागेल, कारण दरडी कोसळतात त्या बहुधा तिथूनच.

युनेस्कोने जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली. त्यांत महाराष्ट्राची चार आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वारसा म्हटले की निर्मनुष्य अरण्य डोळ्यांसमोर येते, पण हा डोंगर तसा कधीच नव्हता. घाटक्षेत्रात सुमारे ५ कोटी लोक राहतात. वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवणारे कुणबी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांनी हे उतार घडवले, वापरले आणि काही ठिकाणी ओरबाडलेही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा लोकांच्या श्रद्धेने राखलेले जंगल हा विज्ञानाचा विषय झाला. गाडगीळांच्या पुढच्या सगळ्या भूमिकेचे मूळ मला या अभ्यासात दिसते. जंगल राखायला माणूस हटवावा लागतो, हे त्यांना कधी पटलेच नाही.

या भूगोलातली जुनी विसंगती उन्हाळ्यात उघडी पडते. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. धरून ठेवतात ते जंगलाखालची माती आणि झरे, आणि झरे कुणाच्याच हिशेबात नसतात. घाटाचे पाणी कुणाचे, हा प्रश्न नवा नाही. टाटांच्या वीजधरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच प्रश्नावर. मुंबईला वीज हवी होती आणि मावळ्यांना आपली भातखाचरे.

पहिला अहवाल

फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतल्या कोटागिरी येथे पश्चिम घाट बचाव चळवळीतल्या कार्यकर्त्यांची परिषद झाली. तिला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश हजर होते. त्यानंतर महिन्याभरात, मार्चमध्ये, गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला गेला. गटाने ऑगस्ट २०११ अखेर अहवाल दिला. सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारातून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. या आठ-नऊ महिन्यांनी वादाचे जे नुकसान केले ते पुढे भरून निघाले नाही. लोकांच्या हाती अहवाल येण्याआधी त्याविषयीच्या अफवा पोहोचल्या होत्या.

अहवालाने सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचे संपूर्ण घाटक्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानले आणि साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी पाडून त्याची तीन श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत नव्या खाणी नाहीत, मोठी धरणे नाहीत, चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बंधने क्रमाने सैल. केरळातल्या अतिरप्पिळ्ळी आणि कर्नाटकातल्या गुंड्या या जलविद्युत प्रकल्पांना परवानगी देऊ नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. अंमलबजावणीसाठी वैधानिक प्राधिकरण सुचवले होते. या चौकटी कायमच्या नाहीत, अंतिम सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलूनच ठरवावेत, असे अहवाल वारंवार सांगतो. त्याच्यावर जी टीका झाली तिच्यात या भागाचा उल्लेख क्वचितच सापडतो.

अहवालातले महाराष्ट्राविषयीचे भाग आजही वाचण्यासारखे आहेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे दाभोळ खाडीतल्या मासेमारांचे काय झाले, हे त्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात २००७ ते २००९ या काळात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते, हीही नोंद आहे. पर्यावरणाच्या अहवालात पोलीस कायद्याचे कलम कशाला, असे कुणी विचारू शकेल. गाडगीळांच्या मांडणीत ते अगदी जागेवर बसते. कायदे पुरेसे आहेत, पण लोकांना बोलू दिले जात नाही म्हणून ते चालत नाहीत, असे त्यांचे निदान होते. ‘विकास नको’ असे तो अहवाल म्हणत नाही. विकास आणि संवर्धन, दोन्ही वरून लादू नका, असे म्हणतो.

दुसरा अहवाल आणि बदललेले माप

राज्यांनी गाडगीळ अहवालाला विरोध केला. ऑगस्ट २०१२ मध्ये अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. या गटाने घाटाची व्याप्ती वाढवून १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर धरली आणि उपग्रहचित्रांच्या आधारे तिचे दोन भाग केले: सुमारे ४१ टक्के नैसर्गिक भूप्रदेश आणि ५९ टक्के वस्ती, शेती, बागायतीचा सांस्कृतिक भूप्रदेश. नैसर्गिकातला सलग आणि समृद्ध भाग, म्हणजे एकूण घाटाच्या ३७ टक्के, जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवला. एकक गाव. ज्या गावाचा किमान २० टक्के भाग या चौकटीत येतो ते गाव यादीत. बंदी मोजक्या गोष्टींवर: खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि २० हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे.

दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की फरक क्षेत्रफळाचा वाटतो, आणि वर्तमानपत्रांनी तो तसाच रंगवला. एक कडक, दुसरा मवाळ. माझ्या मते खरा फरक पद्धतीत आहे. गाडगीळ गटाने जास्त क्षेत्रावर कमी-अधिक बंधने सुचवली आणि ती ठरवायचा अधिकार खाली सोडला. कस्तुरीरंगन गटाने कमी क्षेत्र घेतले, नियम थोडे पण पक्के केले, आणि निर्णय राज्य व केंद्राकडे ठेवला. त्यांचा युक्तिवादही हलका नव्हता. जिथे माणूस दाट आहे तिथे बंदीपेक्षा प्रोत्साहन चालते, राखलेल्या जंगलाचा मोबदला राज्यांना मिळाला पाहिजे, असे त्यांनी मांडले. ही कल्पना पुढे वेगळ्या वाटेने का होईना रुजली: १४व्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यात वनक्षेत्राला ७.५ टक्के वजन दिले, १५व्याने ते १० टक्के केले. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. ज्या वाडीने जंगल राखले तिच्यापर्यंत तो पोहोचण्याची वाट अजून घातलेली नाही.

उलट, गाडगीळ गटाच्या बाजूने आक्षेप असा की सांस्कृतिक भूप्रदेश वगळला की नदीकाठची राई, वहाळ, कातळसडे, देवराया सगळे बाहेर पडते. उपग्रहाला हिरवे दिसते ते रबर आहे, काजू आहे की जंगल, हा घोळ वेगळाच. कास-चाळकेवाडीसारखे सडे उन्हाळ्यात करड्या खडकाचे दिसतात आणि महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून पडून असतात. तिथले जग जूननंतर उगवते.

विरोध कुणाचा, कशासाठी

स्थानिक विरोधाला खाणवाल्यांचे कारस्थान म्हणून निकालात काढण्याची सवय शहरी पर्यावरणप्रेमींना आहे. ते पुरेसे नाही. केरळच्या इडुक्कीत वेलची-रबराच्या छोट्या बागायतदारांनी, चर्चच्या पाठिंब्याने, मोठे आंदोलन उभे केले. पिढ्यांपूर्वी डोंगरात येऊन वसलेल्या या कुटुंबांपैकी अनेकांकडे जमिनीचे पट्टेही नव्हते. आज खाणीवर बंदी, उद्या गुरांवर, परवा आपल्यावर, अशी भीती त्यांना वाटली. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत गाडगीळ अहवालाची उघड बाजू घेणारे काँग्रेसचे विद्यमान खासदार पी. टी. थॉमस यांना उमेदवारी मिळाली नाही, आणि आंदोलनातून पुढे आलेला, डाव्या आघाडीच्या पाठिंब्याचा अपक्ष उमेदवार तिथे निवडून आला. उजवे, डावे, मध्यममार्गी, कुणालाच त्यानंतर हा विषय हातात धरावासा वाटला नाही.

महाराष्ट्रातल्या भीतीला अनुभवाचाही आधार आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, माथेरान २००३ मध्ये. महाबळेश्वरात मोठी हॉटेले उभी राहिली आणि गावकऱ्याला मात्र घराची पडवी वाढवायला खेटे घालावे लागले, ही तक्रार खुद्द गाडगीळ गटाने ऐकली आणि नियमांचा उपयोग चिरीमिरीसाठी होतो हे नोंदवले. संरक्षणाचा कायदा आला की त्याचा दांडा वनरक्षक आणि तलाठ्याच्या हाती जातो, हे डोंगरातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

कोकणात आणखी एक गुंता आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बहुतेक जंगल सरकारी नाही, मालकीचे आहे. मालक मुंबईत, वाटण्या न झालेल्या, सातबारावर डझनभर नावे. लाकडाचा ठेकेदार येतो, एकरकमी पैसे देतो, उतार बोडका होतो. मग काजू लागतो किंवा प्लॉट पडतात. रोख उत्पन्नाचा दुसरा मार्ग न देता ‘तोडू नका’ म्हणणे या मालकांना परवडणारे नाही. संगमेश्वर तालुक्यात एका स्वयंसेवी संस्थेने गावांशी करार करून, मोबदला देऊन खासगी जंगले आणि देवराया राखण्याचा प्रयोग केला आहे. आकाराने लहान, पण या प्रश्नाला थेट भिडणारा.

विरोधाच्या नेमके उलटे चित्रही कोकणातच आहे. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामपंचायतींनी, बहुतेक खनिजपट्ट्यातल्या, आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव करून गाडगीळ गटाकडे पाठवले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा केंद्राच्या पुढच्या मसुदा अधिसूचनांतून बाहेर राहिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यासाठी संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढण्याचे निर्देश केंद्राला दिले. ‘लोकांना नको आहे’ आणि ‘लोकांना हवे आहे’ ही दोन्ही विधाने एकाच जिल्ह्यात खरी ठरू शकतात. कुठल्या लोकांना, कशाची झळ लागल्यावर, हे विचारल्याशिवाय दोन्ही निरुपयोगी.

राज्य सरकारांची बाजू सोप्या शब्दांत अशी: एवढे क्षेत्र बांधले गेले तर रस्ते, उद्योग, पर्यटन आणि गौण खनिजे यांचे काय? गोव्याच्या अर्थकारणात लोहखनिजाची जागा मोठी होती. कर्नाटकाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारण्याची भूमिका सातत्याने घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळात त्यावर पुन्हा शिक्का मारला. महाराष्ट्र काही गावे वगळण्यासाठी आग्रही आहे. त्याच वेळी साताऱ्याच्या डोंगरात २३५ गावांचे ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान आखले गेले.

सहा मसुदे

कस्तुरीरंगन अहवालावर आधारलेली पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली. क्षेत्र ५६,८२५ चौरस किलोमीटर: कर्नाटक २०,६६८, महाराष्ट्र १७,३४०, केरळ ९,९९३, तमिळनाडू ६,९१४, गोवा १,४६१, गुजरात ४४९. केरळचा आकडा राज्याने आपली समिती नेमून १३ हजारांवरून खाली आणलेला. असा मसुदा ठरावीक मुदतीत अंतिम झाला नाही तर गळून पडतो आणि पुन्हा काढावा लागतो. म्हणून २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि ३१ जुलै २०२४ असे एकूण सहा झाले. क्षेत्रफळ जवळजवळ तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरानंतर राष्ट्रीय हरित लवादाने हे क्षेत्र कमी करू नका असे बजावले. २०२२ मध्ये केंद्राने राज्यांशी बोलणी करायला माजी वनमहासंचालक संजय कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

सहावा मसुदा केरळातल्या वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. तो योगायोग असो वा नसो, त्याने वादाचे सूर बदलले नाहीत. जे म्हणत होते ‘सांगितले होते’ ते तेच म्हणाले, जे म्हणत होते ‘अतिवृष्टीला कोण काय करणार’ तेही तेच.

पावसाची बदललेली तऱ्हा

दोन्ही अहवाल तयार होत होते तेव्हा हवामानबदल त्यांच्यात होता, पण कडेला. आज तो मध्ये आला आहे, आणि त्याला कारण पुण्यात आणि कोचीत झालेले शास्त्रीय काम आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. गुजरात-महाराष्ट्रही याच पट्ट्यात येतात. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांतल्या बाष्पाला झटके येतात, आणि महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. कोची विद्यापीठातल्या संशोधकांनी किनारपट्टीवरचे ढगच अधिक उंच, गडगडाटी होत चालल्याचे मांडले आहे. पूर्वी घाटावरचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवसांची संततधार. ती मातीत मुरायची.

२२ जुलै २०२१ची सकाळ ते दुसऱ्या दिवशीची सकाळ या काळात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी चिपळूण बुडाले, आणि महाडजवळच्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००५ मध्ये जुई-दासगाव, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण, त्यानंतर १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसे गाडली गेली, आणि गाव जागेवर नाही हे एसटीच्या चालकाने पाहिले तेव्हा बाहेर कळले. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधली मुंडक्काई आणि चूरलमला ही गावे; मृत अडीचशेहून अधिक.

दरड का कोसळली, याची उत्तरे तीन दिशांनी येतात आणि त्यांचा मेळ अजून बसलेला नाही. भूशास्त्रज्ञ उतार, कुजलेल्या खडकाची जाडी आणि पाण्याच्या निचऱ्याकडे बोट दाखवतात. डोंगर आपल्या गतीने झिजतोच, त्याला माणसाची गरज नाही. परिसरशास्त्रज्ञ रस्त्यासाठी जेसीबीने कापलेला पायथा, दगडखाण, उतारावरची सपाटी, तुटलेली झाडी यांची यादी देतात. माळीणच्या वेळी उतारावर यंत्राने केलेल्या पडकईच्या खाचरांवर अशीच चर्चा झाली. हवामानशास्त्रज्ञ पावसाचा जोर मोजतात. वायनाडनंतर ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या आंतरराष्ट्रीय गटाने तापमानवाढीमुळे तो पाऊस सुमारे १० टक्के अधिक तीव्र झाल्याचे सांगितले. डोंगराळ छोट्या प्रदेशामुळे अंदाजातली अनिश्चितताही त्यांनी कबूल केली. दहा टक्के म्हणजे जास्त की कमी? भिजून तुडुंब झालेल्या उतारावर शेवटचे दहा टक्केच निर्णायक ठरू शकतात. पण जो उतार कापलेला नाही तो तेवढ्याने कोसळला असता का, हे या आकड्यातून समजत नाही.

इर्शाळवाडीने एक अडचण स्पष्ट केली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथे खाण नव्हती, रिसॉर्ट नव्हते, पक्का रस्तासुद्धा नव्हता. डोंगर चढून जावे लागणारी ठाकरांची वस्ती होती ती. संवेदनशील क्षेत्राची रेषा तिच्याभोवती आखली असती तरी त्या रात्री काय फरक पडला असता, याचे उत्तर कुठल्याच अहवालात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबाने देशातली सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर जमीन दरडप्रवण आहे आणि त्यातली जवळपास ९० हजार पश्चिम घाट व कोकणच्या डोंगरांत. मसुद्यातले ५६ हजार आणि हे ९० हजार, हे दोन नकाशे वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या कारणांसाठी बनले आहेत.

जीवसृष्टीकडेही धावती नजर टाकायला हवी. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे दिसले, आणि अलीकडच्या काळात त्यांच्या ऱ्हासात हवामानबदलाचा वाटा वाढल्याचे नोंदवले गेले. घाटातल्या बेडकांच्या कित्येक जाती एकेका डोंगरापुरत्या आहेत. ऊन वाढले की त्यांनी वर सरकायचे, पण १,६४६ मीटरनंतर महाराष्ट्रात वर काही नाही.

उपायच वादात

गेल्या काही वर्षांत वादात एक नवी बाजू शिरली आहे, आणि तिने जुन्या आघाड्या विस्कटल्या आहेत. कोळसा सोडायचा तर सूर्य आणि वाऱ्याची वीज हवी. ती रात्रीसाठी साठवायची तर उदंचन प्रकल्प हवेत. खाली एक तलाव, वर एक तलाव. दुपारी स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचे, संध्याकाळी सोडायचे. घाटाचा तुटलेला कडा यासाठी आदर्श, कारण थोड्या अंतरात शेकडो मीटरची उंची मिळते. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. आता भिवपुरी (१,००० मेगावॉट), शिरवता (१,८०० मेगावॉट) आणि घाटमाथ्यावरच्या इतर अनेक जागांसाठी सरकारने करार केले आहेत. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या सड्यांवर पवनचक्क्या तर कधीच्या उभ्या आहेत.

समर्थकांचे म्हणणे असे की नदी अडवून खोरे बुडवणाऱ्या जुन्या धरणांच्या तुलनेत या तलावांची बुडीत जमीन थोडी, आणि तापमानवाढ रोखली नाही तर घाट कसाही वाचणार नाही. विरोधकांचे म्हणणे की तलाव लहान असले तरी बोगदे, रस्ते, तारांचे मार्ग आणि सुरुंग तिथेच लागतात जिथे जंगल सर्वांत सलग आहे. दोघेही हवामानाच्या नावाने बोलतात. कस्तुरीरंगन मसुद्यात जलविद्युतला अटींसह मुभा आहे. गाडगीळांनी पहिल्या श्रेणीत मोठी साठवण नाकारली होती. पण एका कड्यावर एक प्रकल्प तपासणे वेगळे आणि शेजारच्या चार कड्यांवरच्या चारांचा एकत्रित परिणाम पाहणे वेगळे. परवानगीची सध्याची पद्धत पहिल्या प्रकारची आहे. मुळशीतला शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न, वीज कुणासाठी आणि जमीन कुणाची, इथे नव्या कपड्यांत उभा आहे, आणि या वेळी त्याचे उत्तर तितके सरळ नाही.

न सुटलेले

सर्वांत आधी रेषेचा प्रश्न. गावाला एकक मानून काढलेली स्थिर रेषा आणि दरवर्षी बदलणारा पाऊस यांची सांगड कशी घालायची? नकाशा ठरावीक वर्षांनी फेरतपासावा, अशी तरतूद असावी का, याची चर्चा मसुद्यांभोवती फारशी झालेली नाही, कारण सगळा जोर गावे वगळण्यावर गेला.

त्यानंतर ग्रामसभेचा. वनहक्क कायदा २००६ चा, पेसा १९९६ चा. ग्रामसभेला अधिकार देणारे कायदे आहेतच. पण खाणीच्या पट्ट्यात बंदी मागणारी ग्रामसभा आणि पुढे पैसे दिसल्यावर खाण मागणारी ग्रामसभा, दोघींचेही ऐकायचे का? गाडगीळांच्या बाजूने याला दिलेले उत्तर विश्वासाचे आहे. ज्यांना त्या उतारावर राहायचे आहे ते शेवटी शहाणपणाने वागतील, असे. टीकाकारांना ते भाबडे वाटते. मला ते भाबडे वाटत नाही, पण अपुरे वाटते. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्याचा त्रास घाटमाथ्यावरच्या ग्रामसभेत मोजला जात नाही, आणि मुंबई-पुण्यात राहणारे सातबाराधारक कुठल्या सभेत बसणार, हेही ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. मैदानी जिल्ह्यांत ते ठीक. घाटात मात्र एकाच मंडळात पायथ्याचे गाव आणि सहाशे मीटर वरची वाडी दोन्ही येतात आणि त्यांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. उताराच्या आत किती पाणी साठले आहे, हे मोजण्याची व्यवस्था तर क्वचितच कुठे आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये कोलकात्यात दरडींच्या पूर्वअंदाजाचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले, पण पहिले प्रयोग दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीत. सह्याद्रीतल्या वाडीला मिळणारा इशारा अजून जिल्ह्याच्या नावाने येतो: ‘रायगडला रेड अलर्ट’. त्यावरून कुणी रात्री घर सोडून निघावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आणि पुनर्वसन. दरडप्रवण म्हणून नोंदलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात नोटिसा जातात की पावसाळ्यापूर्वी स्थलांतर करा. कुठे, हे नोटिशीत नसते. खाली जागा आहे ती वनखात्याची, नाही तर प्लॉट पाडून विकलेली. ज्या हलल्या त्यांची शेते, गुरे, कवळ तोडायची झाडे वरच राहतात, म्हणून माणसे दिवसा वर जातात आणि भातलावणीच्या दिवसांत, म्हणजे नेमके जुलैत, तिथेच मुक्काम करतात. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत या वाड्यांसाठी कलम नाही, आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात जंगलासाठी नाही, आणि दोन्ही फायली मंत्रालयात वेगवेगळ्या खात्यांच्या टेबलांवरून फिरतात.